जुन्या गाडीत रिमोट स्टार्टर बसवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिमोट स्टार्टर म्हणजे दुरून बटण दाबून गाडीचे इंजिन चालू करणारे यंत्र. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत राहणाऱ्या, दहा ते तीस वर्षे जुनी गाडी वापरणाऱ्या मराठी मंडळींसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. अनेक नव्या गाड्यांत ही सोय कारखान्यातूनच येते, त्यामुळे नव्या गाड्यांचा विचार येथे केलेला नाही. भारतातील जुन्या गाड्यांविषयीचा एक प्रश्न शेवटाकडे घेतला आहे.

रिमोट स्टार्टर नेमके काय करतो?

चावी फिरवल्यावर इग्निशन स्विचच्या आत जे घडते, तेच हे यंत्र रिलेच्या (विजेने चालणाऱ्या खटक्यांच्या) साहाय्याने घडवून आणते. स्टिअरिंगखालच्या जाड वायरींत सामान्यतः बॅटरीची कायम चालू असणारी वायर, ॲक्सेसरीची (रेडिओ, पंखा वगैरेंची) वायर, इग्निशनच्या एक किंवा दोन वायरी आणि स्टार्टर मोटरकडे जाणारी वायर अशी मांडणी असते. रिमोटचे बटण दाबले की यंत्र आधी इग्निशनला वीज देते, मग स्टार्टर फिरवते आणि इंजिन लागल्याचे कळताच स्टार्टर सोडून देते. स्टार्टर फिरत असताना ॲक्सेसरीची वीज क्षणभर तोडली जाते. चावीनेही तसेच होते, कारण त्या क्षणी बॅटरीची सारी ताकद स्टार्टरला हवी असते.

गाडी अशी चालू झाली तरी स्टिअरिंगचे कुलूप मिटलेलेच राहते. चावी घालून ती ‘ऑन’पर्यंत फिरवण्याआधी कोणी ब्रेक दाबला, तर इंजिन बंद पडते. आपण गाडीत बसल्यावर चावी ‘ऑन’वर आणावी, ‘स्टार्ट’पर्यंत नेऊ नये आणि मग ब्रेक दाबावा. चालू इंजिनावर पुन्हा स्टार्टर फिरवला की दातेरी चाके कर्रकन घासतात. घरातील दुसरी व्यक्ती गाडी चालवणार असेल, तर तिला ही गोष्ट पहिल्याच दिवशी दाखवून द्यावी.

माझी गाडी फार जुनी आहे. तिला हे बसेल का?

वीस-पंचवीस वर्षांची, इंधन इंजेक्शन असलेली आणि ऑटोमॅटिक गिअरची गाडी या कामाला सर्वांत सोयीची असते. तिच्यात वायरी मोजक्या असतात, त्यांचे रंग माहीत असतात आणि संगणकांची गर्दी नसते. अनेक कारागिरांना ताज्या मॉडेलपेक्षा अशी गाडी हाताळणे आवडते.

कार्ब्युरेटरच्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. उत्तर अमेरिकेत १९९० च्या सुमारास कार्ब्युरेटर जवळजवळ संपले. त्याआधीच्या गाडीत थंड इंजिन लावण्यापूर्वी ॲक्सिलरेटर एकदा दाबून चोक बसवावा लागतो, आणि दूर स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या माणसाला ते करता येत नाही. रात्री गाडी बंद केल्यानंतर पेडल दाबून ठेवणे अशा क्लृप्त्या लोक करतात, पण इंजिन उबदार असताना चोक बसत नाही, म्हणून त्यांचा भरवसा नसतो. छंद म्हणून जपलेल्या अशा गाडीत रिमोट स्टार्टर बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चावीत चिप आहे, म्हणजे काय अडचण येईल?

अशी गाडी योग्य चावी ओळखल्याशिवाय लागत नाही, आणि रिमोटने लावताना तर चावी कुलपात नसते. गाडीचे वय आणि कंपनी यांप्रमाणे यावरचे उत्तर बदलते, आणि जुन्या गाडीचे काम अर्ध्यावर अडते ते बहुधा येथेच.

जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेटपासून चावीच्या पात्यात एक लहान काळा रेझिस्टर (विजेला ठरावीक रोध करणारा भाग) बसवण्यास सुरुवात केली. त्याची पंधरा वेगवेगळी मूल्ये होती. चुकीचे मूल्य आढळले की गाडी काही मिनिटे लागतच नाही. यावरचा उपाय सोपा आहे. मल्टिमीटरने चावीवरचा रोध मोजावा, तितक्याच मूल्याचा रेझिस्टर आणावा आणि फक्त रिमोटने गाडी लागत असतानाच तो मंडलात येईल अशा तऱ्हेने एका रिलेमागे जोडावा. रिले न वापरता रेझिस्टर कायमचा जोडला, तरी गाडी लागते, पण मग चोरापासूनचे संरक्षण आपण स्वतःच्या हाताने काढून टाकलेले असते.

त्याच कंपनीच्या नव्वदीच्या मध्यापासूनच्या कॅव्हेलियरसारख्या गाड्यांत चावीऐवजी कुलपाच्या नळीत संवेदक आहे. तेथे चुकीचा संकेत मिळाला की इंजिन लागते आणि लगेच बंद पडते, कारण इंधन तोडले जाते. या गाड्यांना नवे मूल्य शिकवण्यासाठी चावी सुमारे दहा मिनिटे ‘ऑन’वर ठेवावी लागते. त्यांच्यासाठी वेगळे बायपास मॉड्यूल, म्हणजे चावीऐवजी ही खूण पटवून देणारे लहान उपकरण, मिळते.

फोर्डने १९९६ पासून चावीच्या प्लास्टिकमध्ये रेडिओ चिप घालायला सुरुवात केली, आणि पुढच्या काही वर्षांत होंडा, टोयोटा वगैरेंनीही तोच मार्ग धरला. या चिपशी कुलपाभोवतीची वेटोळ्याची अँटेना बोलते. कॅनडाने १ सप्टेंबर २००७ पासून बनणाऱ्या जवळपास सर्व प्रवासी गाड्यांत इमोबिलायझर (योग्य चावी ओळखल्याशिवाय इंजिन लागू न देणारा अडसर) सक्तीचा केला. अमेरिकेत अशी सक्ती नाही. त्यामुळे २००८ नंतरची गाडी कॅनडातली असेल, तर तिच्यात इमोबिलायझर आहे असे धरूनच खर्चाचा अंदाज करावा. सीमेपलीकडून आणलेल्या त्याच मॉडेलच्या गाडीत तो नसूही शकतो.

पूर्वी अशा गाडीत एक सुटी चावी डब्यात घालून डॅशबोर्डखाली बसवण्याची पद्धत होती. ती आता टाळावी, कारण ज्याला ती जागा ठाऊक आहे त्याला गाडीची अर्धी वाट मोकळी होते. फोर्टिन आणि आयडेटालिंक या माँट्रियलच्या कंपन्यांची मॉड्यूल्स गाडीच्या डेटा वायरीवरून चावीची खूण पटवण्याचे हे काम करतात. मॉड्यूल घेताना गाडीचे वर्ष, मॉडेल आणि चावीचा प्रकार या तिन्ही गोष्टी तपासाव्यात. एकाच वर्षाच्या एकाच मॉडेलमध्ये चिपची आणि बिनचिपची अशा दोन्ही चाव्या आढळतात.

गिअर ‘पार्क’मध्ये नसताना बटण दाबले गेले तर?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि दुकानात तो क्वचितच विचारला जातो. ग्राहक रिमोटचा पल्ला किती, मोबाइलवरून चालेल का, हे विचारतात. माणूस आत नसताना ही गाडी सुरक्षितपणे लागू शकते का, हे मात्र त्या गाडीच्या गिअरच्या स्विचावरून ठरते.

बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सजवळ न्यूट्रल सेफ्टी स्विच असतो. गिअर ‘पार्क’ किंवा ‘न्यूट्रल’मध्ये नसेल, तर स्टार्टरकडे जाणारी वीज तेथेच अडते. रिमोट स्टार्टर या स्विचाच्या अलीकडे, म्हणजे चावीच्या बाजूला, जोडला, तर तो अडसर रिमोटलाही लागू होतो. काही जुन्या गाड्यांत मात्र असा विद्युत स्विचच नाही. त्यांच्यात गिअर गुंतलेला असताना चावी फिरूच नये, अशी निव्वळ यांत्रिक अडवणूक स्टिअरिंगच्या खांबात केलेली असते. जनरल मोटर्सचे अनेक जुने ट्रक आणि खांबाला गिअरदांडी असलेल्या काही मोटारी या प्रकारच्या आहेत. रिमोट स्टार्टर चावी फिरवतच नाही, म्हणून ही अडवणूक त्याला रोखू शकत नाही. गाडी ‘ड्राइव्ह’मध्ये राहिली असेल, तर ती सुरू होऊन चालू लागते, आणि समोर भिंत आहे की मूल हे तिला कळत नाही.

अशा गाडीत यंत्राची सुरक्षा वायर एखाद्या भरवशाच्या संकेताला जोडावी लागते. ज्या गाडीची चावी फक्त ‘पार्क’मध्येच बाहेर निघते, तिच्यात चावी कुलपात असल्याचे सांगणारी वायर उपयोगी पडते. चावी कुलपात राहिली असेल, तर रिमोटने गाडी लागणार नाही, अशी जोडणी त्या वायरीवरून करता येते. तीस वर्षांच्या वापराने कुलूप झिजलेले असेल आणि चावी कोणत्याही गिअरमध्ये सहज बाहेर निघत असेल, तर हा उपायही कुचकामी ठरतो. तेव्हा आधी कुलूप बदलावे लागेल.

काम झाल्यावर चाचणी करावी, आणि ती करताना स्वतः पाहावे. मोकळी, सपाट जागा निवडावी, गाडीच्या पुढेमागे कोणी नसावे. बॉनेट बंद करावे, हँडब्रेक ओढावा आणि चालकाच्या जागी बसावे. चावी ‘ऑन’वर आणून, इंजिन न लावता, गिअर ‘ड्राइव्ह’मध्ये टाकावा. पाय ब्रेकच्या अगदी वर धरावा, पण दाबू नये, कारण ब्रेक दाबल्यास यंत्र चालणारच नाही आणि चाचणी फोल ठरेल. मग रिमोटचे बटण दाबावे. स्टार्टर फिरला, तर तत्काळ ब्रेक दाबावा आणि तशी गाडी दुकानातून बाहेर काढू नये. हीच चाचणी ‘रिव्हर्स’मध्येही करावी.

बॉनेटखाली एक छोटा स्विच बसवावा लागेल म्हणतात. तो टाळता येईल का?

येणार नाही. बॉनेट उघडे असताना इंजिन रिमोटने लागू नये, एवढेच त्याचे काम. गॅरेजमधला माणूस पंख्याच्या पट्ट्यात हात घालून उभा असताना घरातल्या कोणाच्या खिशात बटण दाबले गेले, तर काय होईल याचा विचार करावा. जुन्या गाडीत हा स्विच रस्त्यावरच्या मिठाने गंजतो, म्हणून दर हिवाळ्याच्या आरंभी बॉनेट उघडून बटण दाबून पाहावे.

माझी गाडी मॅन्युअल गिअरची आहे.

अशा गाडीसाठीही यंत्रे मिळतात, परंतु त्यांच्यासोबत एक शिस्त पाळावी लागते. उतरताना इंजिन चालू ठेवून गिअर न्यूट्रलमध्ये आणावा, हँडब्रेक ओढावा, यंत्राला सूचना देऊन चावी काढावी, बाहेर येऊन दारे लावावीत आणि मग इंजिन आपोआप बंद व्हावे, असा तो क्रम असतो. त्यानंतर एकही दार उघडले गेले, तर यंत्र पुढच्या वेळी गाडी लावण्यास नकार देते, कारण कोणी आत जाऊन गिअर टाकला असण्याची शक्यता असते. ही सारी रचना दारांच्या स्विचांवर आणि हँडब्रेकवर अवलंबून आहे. मागच्या दाराचा स्विच मेला असेल, हँडब्रेकची तार सैल असेल, तर तिला काही अर्थ उरत नाही. चढावर गाडी गिअरमध्ये ठेवून जाण्याची सवय ज्यांना आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

इंजिन लागले हे यंत्राला कसे कळते?

दोन मार्ग आहेत. एकात इग्निशन कॉइलच्या किंवा इंजेक्टरच्या वायरीवरून इंजिनाच्या फेऱ्यांचा संकेत घेतला जातो. दुसऱ्यात वायर जोडण्याची गरज नसते, यंत्र बॅटरीच्या व्होल्टेजमधला चढउतार पाहून अंदाज बांधते. दुसरा मार्ग जोडायला सोपा आहे, पण बॅटरी अशक्त आणि आल्टरनेटर थकलेला असेल, तर स्टार्टर कधी लवकर सुटतो, तर कधी इंजिन लागल्यावरही फिरत राहतो. जुन्या गाडीत पहिल्याच मार्गाचा आग्रह धरावा. डिझेल गाडीत याखेरीज ग्लो प्लगच्या (इंजिन लागण्याआधी सिलिंडर तापवणाऱ्या प्लगच्या) दिव्याची वायर जोडून, प्लग तापेपर्यंत यंत्राला थांबायला लावावे लागते.

हे काम मी स्वतः करू शकेन का?

ज्यांना मल्टिमीटर वापरता येतो, सोल्डर करता येते आणि गाडीच्या वायरिंगचा आराखडा वाचता येतो, त्यांना बिनचिपच्या साध्या गाडीत हे जमू शकते. बाकीच्यांनी मजुरी द्यावी, त्यात कमीपणा नाही.

स्वतः करणार असाल, तर काही गोष्टी ध्यानात असू द्या. सुरुवात करण्यापूर्वी बॅटरीची जोडणी काढा. पिवळ्या वेष्टनातल्या किंवा पिवळ्या जोडांच्या वायरींना हात लावू नका, त्या बहुधा एअरबॅगच्या असतात. संगणकाकडे जाणाऱ्या वायरी दिव्याच्या टेस्टरने तपासू नका, कारण तो नाजूक मंडलांना झेपणार नाही इतका प्रवाह खेचू शकतो. इंटरनेटवर मिळणारे वायरींच्या रंगांचे तक्ते उपयोगी असतात, तरी प्रत्येक वायर मीटरने तपासल्याशिवाय तोडू नका. जुन्या गाडीत मधल्या एखाद्या मालकाने अलार्म बसवून काढलेला असतो, स्टिरिओ बदललेला असतो, आणि तक्त्यात नसलेल्या रंगाची तार तिथे लोंबत असते.

जोड सोल्डर करून त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. वायरीला चिमटा मारून जोडणारे प्लास्टिकचे स्वस्त कनेक्टर सुरुवातीला चालतात आणि दोन हिवाळ्यांनंतर, नेमके उणे पंचवीसला, दगा देतात. फ्यूज जिथून वीज घेतली त्या जागेच्या शक्य तितका जवळ असावा. अर्थिंगची जोडणी रंग खरवडून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर स्वतंत्र करावी.

एक चूक नेहमी आढळते. हीटरच्या पंख्याला वीज देणारी वायर जोडायची राहते, आणि इंजिन दहा मिनिटे चालूनही आत थंडगार असते. रात्री उतरताना पंखा आणि काचेवरची हवा चालू ठेवूनच चावी काढावी, कारण जुन्या गाडीचे यांत्रिक खटके यंत्राला फिरवता येत नाहीत.

थंडीत गाडी लागत नाही, म्हणून रिमोट स्टार्टर घ्यायचा आहे.

मग आधी बॅटरी तपासून घ्या. चावीने अडखळणारी गाडी रिमोटने नीट लागणार नाही. शिसे आणि आम्लाच्या बॅटरीची ताकद कडक थंडीत निम्म्याच्या आसपास येते, आणि त्याच वेळी तेल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. बॅटरीवर छापलेला थंडीतल्या अँपिअरचा आकडा उणे १८ अंश सेल्सियसला, ३० सेकंद, ७.२ व्होल्टच्या खाली न जाता ती किती प्रवाह देऊ शकते, हे सांगतो. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते.

विनिपेग, सास्काटून, एडमंटन अशा ठिकाणी इंजिनाचा ब्लॉक हीटर (उभ्या गाडीचे इंजिन उबदार ठेवणारा हीटर) घरच्या विजेवर लावणे ही जुनी आणि उत्तम पद्धत आहे. निघण्याआधी दोन-चार तास टायमरने तो चालू केला, की इंजिन लावताना त्रास होत नाही. तुमच्या पार्किंगमध्ये प्लग असेल आणि पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील, तर मी नवी बॅटरी आणि ब्लॉक हीटर यांनाच आधी जागा देईन.

हिवाळ्यात महिना-दीड महिना भारतात जाऊन येणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की हे यंत्र रिमोटचा संकेत ऐकण्यासाठी सतत थोडी वीज घेत असते. रोजच्या वापरात ते जाणवत नाही. उघड्यावर पाच-सहा आठवडे उभ्या राहिलेल्या गाडीची जुनी बॅटरी मात्र तेवढ्यानेही उतरू शकते. जाताना जोडणी काढून ठेवावी.

किती वेळ चालू ठेवावी?

काच स्वच्छ होईल आणि इंजिनाचा आवाज स्थिरावेल इतकीच. साध्या थंडीत अर्धा मिनिट, कडाक्यात दोन-तीन मिनिटे इंजिनाला पुरतात. गिअरबॉक्स, टायर, चाकांची बेअरिंगे उभ्या गाडीत गरम होतच नाहीत, ती सावकाश चालवल्यानेच होतात. थंड इंजिनात जास्तीचे पेट्रोल जाते आणि त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरते, म्हणून वीस मिनिटांची रोजची ऊब जुन्या इंजिनाला घातकच आहे. यंत्रात चालण्याची कमाल वेळ ठरवता येते, ती सर्वांत कमी पर्यायावर ठेवून घ्यावी.

गॅरेजमध्ये उभी असलेली गाडी रिमोटने चालू करता येईल का?

कधीही करू नये, दार उघडे असले तरी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि घराला जोडलेल्या गॅरेजमधून तो भिंतीच्या फटींतून व दारातून घरात शिरतो. गाडी रोज गॅरेजमध्ये ठेवत असाल, तर रिमोट स्टार्टर बसवण्याचे मुळात कारणच उरत नाही, कारण खिशात चुकून दाबले गेलेले एक बटण रात्री झोपेत संपूर्ण कुटुंबाला धोक्यात घालू शकते. तरी बसवायचा झाला, तर एकाच दाबाने गाडी लागणार नाही अशी मांडणी मागावी आणि गाडी चालू झाल्याचा उलट संदेश देणारा रिमोट घ्यावा. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असावाच. ऑन्टारिओत जोडलेले गॅरेज असलेल्या घरांना तो २०१४ पासून सक्तीचा आहे.

जुन्या गाडीत आणखी एक धोका आहे. मिठामुळे सायलेन्सरची नळी कुजते, तिला भोके पडतात आणि धूर तळाखाली साचतो. गाडी चालत असताना तो मागे निघून जातो, उभ्या गाडीत तो आत शिरतो. यंत्र बसवण्याआधी गाडी उचलून नळी तपासून घ्यावी. बर्फ पडल्यावर मागची नळी मोकळी आहे हे डोळ्यांनी पाहिल्याखेरीज बटण दाबू नये, आणि मुलांना तापण्यासाठी आधीच गाडीत नेऊन बसवू नये.

कायद्याचे काय?

शहरागणिक नियम वेगळे आहेत. टोरंटोत गाडी उभ्याने चालू ठेवण्याची मर्यादा साठ मिनिटांत एक मिनिट इतकी कमी आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. अमेरिकेतील अनेक राज्यांत चावी लावून चालू गाडी सोडून जाणे गुन्हा आहे, कारण अशा गाड्या सहज चोरीला जातात. कोलोरॅडोने २०१६ मध्ये आपल्या कायद्यातून रिमोट स्टार्टरला सूट दिली. विमा कंपनीला मात्र या बदलाची लेखी कल्पना द्यावी.

भारतात घरच्या जुन्या गाडीला असा किट बसवावा का?

भारतीय बाजारात बटण-स्टार्ट आणि रिमोट यांचे एकत्र किट स्वस्तात मिळतात, आणि उन्हात तापलेली गाडी एसीने आधी गार व्हावी ही इच्छा समजण्यासारखी आहे. परंतु तेथील जुन्या गाड्या बहुतांशी मॅन्युअल आहेत, गिअर टाकून गाडी उभी करण्याची सवय सर्वत्र आहे, आणि त्या किटांमध्ये वर सांगितलेली दारांची व हँडब्रेकची शिस्त बहुधा नसते. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक ठिकाणी गाडी उभी ठेवताना चालकाच्या जागी परवानाधारक माणूस असावा, अन्यथा इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला असावा, अशी अट आहे. सोसायटीच्या पार्किंगवर उघडणाऱ्या स्वयंपाकघराच्या खिडक्यांतून आत जाणाऱ्या धुराचाही विचार करावा. माझे उत्तर नकारार्थी आहे.

खर्च किती आणि कोणते यंत्र घ्यावे?

साधा एकतर्फी रिमोट, गाडीला जुळणारे मॉड्यूल आणि मजुरी मिळून काहीशे डॉलर लागतात. मोबाइलवरून चालणाऱ्या प्रकारांना बहुधा वार्षिक वर्गणी पडते, जी जुन्या गाडीच्या उरलेल्या आयुष्याशी ताडून पाहावी. कंपूस्टार, व्हायपर ही नावे सर्वत्र मिळतात आणि त्यांचे सुटे रिमोटही सापडतात. नावापेक्षा कारागिराकडे लक्ष द्यावे. तुमच्या गाडीत गिअरचा स्विच विद्युत आहे की यांत्रिक, हे त्याला विचारावे. उत्तर देण्यापूर्वी जो गाडी पाहायला बाहेर येतो, त्याच्याकडे काम द्यावे.

गाडी दुरुस्तीला देताना काय करावे?

बहुतेक यंत्रांत रिमोटची सोय तात्पुरती बंद करणारी व्हॅले पद्धत असते. तेल बदलायला दिली तरी ती चालू करून द्यावी, आणि मेकॅनिकला तोंडी सांगावे, कारण गाडीखाली निजलेल्या माणसाला काचेवरचा छोटा स्टिकर दिसत नाही. यंत्राची पुस्तिका, कोणती वायर कुठे जोडली त्याची कारागिराकडून मागून घेतलेले टिपण आणि दुसरा रिमोट एका पाकिटात घालून ठेवावेत. गाडी विकताना ते पाकीट नव्या मालकाला द्यावे आणि गिअरची चाचणी त्याच्यासमोर करून दाखवावी.